उन्हाची घासाघीस

माझ्या मुलीच्या जन्माची आमच्या घरात एक अधिकृत गोष्ट आहे आणि ती सगळ्यांना पाठ आहे. "हिचा स्वभाव तापट. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडायची. त्यानं बीपी वाढलं आणि पोर पाच आठवडे आधी झाली." सासूबाई ही गोष्ट हळदीकुंकवाला सांगतात, नवरा मित्रांना सांगतो. हल्ली मुलगी स्वतःही सांगते, जणू ती तिथे हजर होती. म्हणजे होती, पण तिला तेव्हा फारसं दिसत नसावं. गोष्ट छोटी आहे, समजायला सोपी आहे आणि तिच्यात गुन्हेगार एकच आहे. इतका सोयीस्कर माल मी माझ्या दुकानातही कधी विकला नाही.

मला कोणी विचारलं नाही, म्हणून माझी बाजू इथे लिहिते.

मी अकोल्याची. मे महिन्यात आमच्याकडे सायकलच्या सीटवर हात ठेवला तर चटका बसतो. शाळेतून येताना डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा, म्हणजे ऊन लागत नाही असं आई म्हणायची. कांदा खिशात असूनही मला दरवर्षी ऊन लागायचं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन पुण्याला आले तेव्हा मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. कोणाची नोकरी करायची नाही आणि पुन्हा उन्हात मरायचं नाही.

तेव्हा पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा होता. क्लासवाल्यांना, केबलवाल्यांना, पत्रिका छापणाऱ्यांनासुद्धा. मी बुधवार पेठेतून सुटे भाग घ्यायची, खोलीवर जोडायची आणि रिक्षात मांडीवर घेऊन पोचवायची. काही वर्षांनी स्वतःची जागा बघायला लागले, तेव्हा बुधवार पेठेतच एक तळघर मिळालं. अकरा पायऱ्या खाली. मालक म्हातारे होते, दर सांगून गप्प बसायचे. मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे.

"आजोबा, इथे खिडकी नाही. वारा नाही. भर दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागणार. जून काय आणि डिसेंबर काय, खाली बसलेल्याला कळणार नाही. माणसानं दुकान मांडायचं की समाधी घ्यायची?"

असं अर्धा तास. शेवटी त्यांनी कंटाळून भाडं उतरवलं. त्या अंधाराचं मी असं वर्णन केलं की मालकांना त्यांच्याच जागेची कीव आली. बाहेर येऊन मी उसाच्या रसाचे दोन ग्लास प्यायले. तळघर कॉम्प्युटरना फार मानवलं. त्यांना थंडावा लागतो. बाईमाणसाला काय लागतं हा विषय त्या व्यवहारात निघालाच नाही.

राहायला कसबा पेठेत. दुकानात चालत जायचं, त्या गल्ल्यांत सावलीच सावली. पण ऑफिसांना माल पोचवायला औंध, हडपसर असं रोज गाडीवर जावं लागायचं, तेही दुपारी. पुण्यात नवी आले होते तेव्हा एका सिग्नलला पंधरा-वीस बायका बघून मी थांबलेच होते. सगळ्यांची तोंडं स्कार्फनं गच्च बांधलेली, फक्त डोळे उघडे, दंडापर्यंत हातमोजे, वर पांढरा कोट. मला वाटलं, बँक लुटायला निघाल्यात. महिन्याभरात मीही त्या टोळीत सामील झाले. अकोल्याच्या उन्हाचा सूड मी पुण्याच्या उन्हावर काढत होते.

चौतिसाव्या वर्षी दिवस राहिले. नवरा हिंजवडीच्या एका कंपनीत. सकाळी कंपनीची बस, दिवसभर काचेआड एसीत, परतायला अंधार. थोडक्यात, आमच्या दोघांच्या संसारात सूर्य हा पाहुणा होता आणि त्याला आम्ही कधी जेवायला बोलावलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात पाय सुजले, बीपी वर गेलं. डॉक्टरबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, आवाज हळू, चेहऱ्यावर काही दिसू द्यायच्या नाहीत. धंद्यात अशा माणसाला आम्ही घाबरून असतो.

"फार रागावता का?" त्यांनी विचारलं.

"हो," नवरा म्हणाला. प्रश्न त्याला नव्हता.

"डॉक्टर, मी शाळेत असल्यापासून रागावते. बीपी आत्ता आलं."

त्या हसल्या नाहीत. समजावून सांगितलं. बीपी दंडावर मोजतात, पण खरी काळजी वारेची असते. बाळाला जे मिळतं ते वारेतून. तिच्याकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या नीट रुंदावल्या नाहीत, तर बीपी चढतं आणि आत पुरवठा कमी पडतो. "दुकान आहे ना तुमचं? मग समजेल. मागून माल येत नसेल तर पुढचा माणूस काय करणार?"

समजलं. फारच नीट समजलं.

गोळ्या सुरू झाल्या, तपासण्या झाल्या. पुढच्या खेपेला एका कागदावर व्हिटॅमिन डीच्या पुढे नऊ लिहिलं होतं.

"किती हवं?"

"निदान तीस. उन्हात जाता की नाही?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला उत्तर येणारा प्रश्न आला होता. मी पुढे सरसावले. "रोज जाते! दुपारी बारा ते दोन, गाडीवर. औंध, हडपसर, काही विचारू नका."

डॉक्टरांची नजर माझ्या मांडीवर गेली. तिथे स्कार्फ, हातमोजे आणि कोट अशी चळत होती.

"आणि हे कशाला?"

"ऊन लागू नये म्हणून," मी म्हणाले, आणि माझं वाक्य मलाच ऐकू आलं. नवऱ्याला खोकला आला.

"म्हणजे ह्याच्यामुळे बीपी वाढलं!" मी लगेच म्हणाले. हा माल मला कुठल्याही भावात हवा होता.

"तसं मी म्हणणार नाही. ज्यांना हा त्रास होतो, ज्यांची वार नीट काम करत नाही, त्यांच्यात हे बऱ्याचदा कमी दिसतं. पण कशामुळे काय, हे अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कमी आहे, तर भरून काढू. बीपीच्या गोळ्या मात्र चालूच राहतील."

"मग रागामुळे वाढलं, हे छातीठोकपणे सांगता येतं का?"

"तेही नाही."

मी नवऱ्याकडे वळले. तो भिंतीवरच्या कॅलेंडरातलं गुटगुटीत बाळ फार बारकाईनं बघत होता. डॉक्टरांचं हे "तेही नाही" आमच्या घराच्या अधिकृत गोष्टीत आजतागायत आलेलं नाही. माझं दुखणं एवढंच आहे.

आठवड्याला दुधातून एक पुडी आणि रोज वीस मिनिटं ऊन, असं ठरलं. प्रवासाला बंदी, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही माहेर रद्द. आईला फोन केला तर ती हसतच सुटली.

"काय सांगून राहिली तू? अकोल्याच्या पोरीला ऊन कमी पडलं? इथं लोक उन्हानं मरून राहिले. पाठवू का एक पोतं?"

आता कसब्यात ऊन शोधायचं. आमची इमारत गल्लीत, आणि समोरची भिंत इतकी जवळ की खिडकीतून हात काढला तर तिकडच्यांच्या वाळत घातलेल्या टॉवेलला हात पुसता यायचे. उरली गच्ची. तिला कुलूप, आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. ते बँकेतून निवृत्त झालेले. अर्धं दार उघडून बोलायचे.

"गच्ची कशासाठी?"

"उन्हासाठी."

"ऊन खालीही पडतं."

"कुठे? दाखवा."

ते खरंच जिन्याच्या खिडकीशी आले. दोघांनी गल्लीत वाकून पाहिलं. खाली सावलीत एक कुत्रं झोपलं होतं.

"पूर्वी पडायचं," ते म्हणाले.

"पूर्वी म्हणजे ही बिल्डिंग उभी राहायच्या आधी."

"आपण कारण लेखी द्या."

मी तिथेच जिन्यात बसून लिहिलं. 'कारण : ऊन.' त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मुदत लिहिली नाहीत."

"बाळंत होईपर्यंत."

"दहा मिनिटं, अकरा ते अकरा दहा. रविवार सोडून."

"रविवारी सूर्याला सुट्टी असते का?"

"रविवारी आम्हाला असते."

बराच वेळ चाललं. त्यांना वाटलं असावं, ही बाई दमेल; सहावा महिना आहे. शेवटी पाऊण तास मिळाला, रविवारसकट, आणि किल्ली माझ्याकडेच राहील असं ठरलं. वीस मिनिटांच्या जागी पाऊण तास मिळवून मी घरी आले ती विजयी मुद्रेनं. तर दारात सासूबाई.

सासूबाई वाईट नव्हेत, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर वाचणारा भलतंच समजेल. केशर घातलेलं दूध रोज न चुकता त्याच आणून द्यायच्या. पण दुपारच्या सुमारास गर्भारशीनं उघड्यावर जाणं त्यांच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

"आणि पोर काळं झालं म्हणजे? मी केशर कशाला घालतेय मग?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांच्या पोराला मुलगी बघायची नाहीये. आपल्याला बघायचीय."

बाळ अजून आत होतं, मुलगा की मुलगी ते ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. मी कमरेवर हात ठेवले. त्यांनीही ठेवले. मग घासाघीस होऊन मधला मार्ग निघाला. मी गच्चीवर जायचं, पण नीट बांधून जायचं. स्कार्फ, हातमोजे, कोट, पायांत मोजे. मला गच्ची मिळाली, त्यांना स्कार्फ मिळाला. दोन्ही पक्षांना परवडेल असा सौदा झाला की मला फार समाधान वाटतं. इतकं समाधान वाटलं की आपण नेमकं काय विकलं ते माझ्या लक्षातच आलं नाही.

तीन आठवडे मी रोज पाऊण तास गच्चीवर खुर्ची टाकून, सगळं अंग झाकून, ऊन घेत बसले. घामाच्या धारा लागायच्या. मला वाटायचं, व्हिटॅमिन चढतंय.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "ऊन घेताय ना?"

"रोज. पाऊण तास."

"हात बघू." हात पांढरेफटक. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बघतच राहिल्या. डोळ्यांच्या भोवती, एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत, बोटभर रुंद काळा पट्टा होता. स्कार्फमधून उघडी राहिलेली तेवढी फट रापली होती.

त्या बाईंना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. "स्कार्फला आता पुष्कळ व्हिटॅमिन मिळालं असेल," त्या म्हणाल्या. "पण गरोदर तुम्ही आहात."

मी चिडायच्या बेतात होते. तेवढ्यात सोनोग्राफीचा कागद त्यांच्या हातात आला आणि हसू गेलं.

बाळ लहान होतं, दोन आठवडे मागे. वारेतून जाणारं रक्त हवं तेवढं जात नव्हतं. आता दर आठवड्याला बघायचं, बाळाच्या फुप्फुसांसाठी वेळ पडली तर इंजेक्शनं द्यायची. आणि नऊ महिने भरायची वाट बघता येईल असं त्यांना वाटत नव्हतं.

"किती आठवडे?" मी विचारलं.

"चौतीस तरी गाठू. त्यापुढे जेवढं जमेल तेवढं."

"अडतीस."

"अहो, हे दुकान नाही."

"मग आकडा कशाला सांगितलात? आकडा सांगितला की मी वर-खाली करणारच. सदतीस."

"मी छत्तीस म्हटलं तरी ते माझ्या हातात नाही."

"छत्तीस म्हणालात! ह्यानं ऐकलंय." मी नवऱ्याला साक्षीदार केलं. त्यानं मान डोलावली, बिचाऱ्यानं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घासाघीस माझ्याशी करू नका. मी विकणाऱ्या बाजूची नाही."

"आणि आता नीट ऊन घेतलं तर? हात उघडे टाकून? पुड्या दुप्पट घेतल्या तर?"

"पुडी एकच घ्यायची. ऊन घ्या, तुमच्यासाठी चांगलंच आहे. पण त्यानं वार नवी होणार नाही. ती पहिल्या काही महिन्यांत घडते, मग आहे तीच शेवटपर्यंत पुरवायची असते."

पहिल्या काही महिन्यांत मी अकरा पायऱ्या खाली होते. ट्यूबच्या उजेडात बसून, माल उशिरा पाठवला म्हणून कुणाला तरी फोनवर फाडून खात होते.

त्या दिवशी घरी न जाता मी दुकानात गेले. मदतीला ठेवलेली बाई शटर अर्ध्यावर ओढून जेवायला गेली होती. खुर्चीवर बसले. खिडकी नाही. वारा नाही. जून काय आणि डिसेंबर काय. त्या अंधाराबद्दल मीच इतकं बोलले होते की मालकांना पटलं. मला मात्र माझंच म्हणणं तेव्हा पटलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, कशामुळे काय ते कोणी सांगू शकत नाही. खरं असेल. पण घरातल्यांनी माझ्या रागावर बोट ठेवताना असला संशयाचा फायदा दिला नव्हता, मग मी तरी त्या तळघराला का द्यावा? आणि तळघर घेतलं कोणी? इथपर्यंत आले की माझा रागही जागच्या जागी फिरायला लागतो. तो कोणावर काढावा ते कळत नाही, आणि ही अवस्था मला मुळीच मानवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाह्या वर करून गच्चीवर बसायला लागले. सासूबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दुधाचा पेला ठेवून गेल्या.

चौतीस झाले. इंजेक्शनं झाली. पस्तिसाव्या आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरांनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला, बीपी दोनदा मोजलं आणि म्हणाल्या, "आजच."

"बरं," मी म्हणाले.

नवरा नंतर सांगायचा की बीपीचा आकडा ऐकून तो घाबरला नव्हता, पण हे "बरं" ऐकून मात्र घाबरला. आठ वर्षांच्या संसारात त्यानं माझ्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता.

सीझर झालं. मुलगी. रडली, पण बारीक आवाजात, जणू विचारून रडतेय. मला तिचा एक पाय दाखवला आणि तिला घेऊन गेले. मी तिथेच, पडल्या पडल्या, वार बघायचीय म्हटलं.

"ताई, ती काय बघायची?" सिस्टर म्हणाल्या. "आणि बोलू नका, बीपी वाढेल."

"दाखवा तिला," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर जास्त वाढेल."

भाकरीएवढी असायला हवी, ती फुलक्याएवढी होती. मधेमधे पांढुरके, घट्ट डाग. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, एवढा भाग केव्हाच बंद पडला होता. उरलेल्यावर तिनं पस्तीस आठवडे काढले. मागून पुरेसा पुरवठा नाही, उजेड नाही, वरून मालकीण अशी. तरी शेवटच्या दिवसापर्यंत जेवढं येत होतं तेवढं पुढे देत राहिली. मी आयुष्यात कोणाचं काम बघून गप्प बसले असेन, तर तेव्हा.

मुलगी बारा दिवस काचेच्या पेटीत होती. चौथ्या दिवशी कावीळ दिसली म्हणून तिला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. अंगावर फक्त लंगोट आणि डोळ्यांवर पट्टी. मी चाकाच्या खुर्चीतून बघायला गेले आणि तशीच थांबले. मी बाहेर पडायची तेव्हा डोळे सोडून सगळं झाकलेलं. हिचे डोळे तेवढे झाकलेले.

सासूबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"हिला काय करताहेत?"

"उजेड देतोय, आजी," सिस्टर म्हणाल्या.

"उघड्या अंगानं?"

"झाकलं तर लागेल कसा?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग पदरानं काचेवरचा स्वतःच्या श्वासाचा डाग पुसला, नीट दिसावं म्हणून.

घरी आल्यावर तेल लावून झालं की सकाळच्या कोवळ्या उन्हात मुलीला त्याच न्यायच्या. गच्चीची किल्ली माझ्याकडेच होती. मुदत संपली म्हणून सेक्रेटरी दोनदा येऊन गेले होते, मी लेखी मागितलं होतं. एकदा मी मागोमाग वर गेले, तर त्यांनी मुलीला मांडीवर पालथं घातलेलं, टोपडं काढून बाजूला ठेवलेलं. खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या होत्या.

"अहो, झाका तिला. एवढीशी आहे, काळी पडेल."

"होऊ दे काळी," सासूबाई म्हणाल्या.

मी दाराशीच थांबले. काकूंनी विचारलं, "लवकर झाली ना हो? कशानं म्हणे?"

सासूबाईंनी मुलीच्या पाठीवर हात फिरवला. "हिच्या आईचा स्वभाव तापट," त्या म्हणाल्या.